बाबांनी पोर्चमधे बनवलेली कयाक, आता फ्लॅटमधे कुठं ठेवू?

पाणकोंबडी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडचण घेऊन आले. आमचं नागपूरचं, अंबाझरी लेआउटमधलं घर फ्लॅट स्कीमला दिलंय, दिवाळीनंतर रिकामं करायचंय, आणि स्कीम होईपर्यंत आम्ही भाड्याच्या टू बीएचकेत, त्रिमूर्ती नगरला, तिसऱ्या मजल्यावर. पलंग कुणाला, शिसवी कपाट कुणाला, आईची पितळेची भांडी कुणाला, सगळ्याचं ठरलं. फक्त काकडीचं ठरत नाहीये.

काकडी म्हणजे आमची कयाक. १४ फूट लांब, हिरवी, दोन्ही टोकं निमुळती, मावसभावानं पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते, १९९६ च्या हिवाळ्यात कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं एक चित्र घेऊन आले आणि पोर्चमधे प्लायवूड कापायला सुरुवात केली. आईला वाटलं शोकेस बनवून राहिले. प्लायच्या पट्ट्यांना कडेकडेनं भोकं पाडून जळक्या मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार ओवून अक्षरशः शिवली ती बोट, मग आतून इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचं, घट्ट होणारं चिकट) आणि काचेच्या कापडाची टेप, मग तार कापून टाकली. मी तेव्हा अकरावीत होते. सायकलच्या दोन चाकांची ट्रॉली करून आम्ही ती पहाटे अंबाझरी तलावावर न्यायचो, बाबांच्या ओळखीतून तशी परवानगी मिळाली होती, तिकडं नेव्हल एनसीसीची पोरं त्यांच्या जड बोटी ओढत असायची आणि आमची ही काडीसारखी बाजूनं निघून जायची.

आतल्या प्लायवर व्हार्निशखाली बाबांच्या अक्षरात पेन्सिलनं "डावी ३" "उजवी ३" असं लिहिलेलं अजून दिसतं. गुडघे टेकायला जुन्या स्लिपरच्या सोलचे तुकडे चिकटवलेत. लग्न झालं, पुण्याला गेले, परत आले, मुलगा झाला, या सगळ्यात ती पोर्चमधे ब्रॅकेटवर होती आणि मी आले की आधी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, मग घरात जायचे (आईला हे फार लागायचं).

आता बाबांना विचारलं तर म्हणतात, देऊन टाक कुणाला तरी, लाकूड आहे ते. ८० चे आहेत. ज्यानं बनवली त्याला काही नाही आणि मी ४६ वर्षांची बाई रात्री पोर्चमधे जाऊन रडून राहिले. काय करू? ठेवायची तर कशी, द्यायची तर कुणाला?

तर्रीबाज

बाप्पा, चौदा फुटाची काकडी! कोशिंबीर केली तर अख्ख्या लेआउटले पुरते. मजाक सोडा ताई, पण मले एक सांगा, हे बगीच्यातल्या पायडलवाल्या बदक बोटीसारखं असते का काही? आमच्या घरी कोणीच पाण्यात पाय नाही टाकला, माय म्हणे पोहणं आल्याबिगर पाण्यात जायचं नाही, आन पाण्यात गेल्याबिगर पोहणं येत नाही, असं करता करता पन्नाशी आली.

पाणकोंबडी

@तर्रीबाज, नाही हो, पायडल नाही. पाय पुढं पसरून आत बसायचं, हातात दोन्ही बाजूंना पातं असलेलं वल्हं, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं. कंबरेपासून खालचा माणूस बोटीच्या आत, वरचा बाहेर. नीट बसली की बोट अंगात घातल्यासारखी वाटते, थोडं कंबर हलवलं तरी तिला कळतं.

नाममात्र

ओएलएक्सवर टाका, नाही गेली तर कबाडीवाला. जागेचा भाव काय आहे नागपुरात माहीत आहे ना? १४ फूट बोटीसाठी जागा अडवणं म्हणजे त्या जागेचं भाडं बोटीला देणं. भावना वगैरे ठीक, फोटो काढून ठेवा.

महालची_सून

@नाममात्र, दादा त्यांनी भाव नाही विचारला. सासरी आमच्या महालातल्या वाड्यात माळ्यावर काय काय आहे ते पाहाल तर बेशुद्ध पडाल, आणि तरी मी फेकाफेकीच्या बाजूची आहे, पण "फोटो काढून ठेवा" हा सल्ला ज्यांनी कधी काही जपलं नाही तेच देतात असं माझं मत. फोटोवरून हात फिरवता येतो का?

ताई, तुम्ही पुढं काय ते ठरवा पण तुमचे बाबा आहेत, विचारता येतं, बोलता येतं. आमच्याकडं सासरे गेल्यावर त्यांच्या वस्तूंवरून चार भावांत जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्ता ठरतंय हे बरं आहे.

कोलाडचा_पक्या

मूळचा धरमपेठचा, सध्या कोलाडला असतो, कुंडलिकेवर कयाक शिकवतो. आधी ठेवायचं सांगतो मग बाकीचं.

तिसरा मजला विसरा. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटरच्या वर, लिफ्टमधे जायचा प्रश्नच नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकणार. गच्चीवर तर अजिबात नको. इपॉक्सीला ऊन चालत नाही, वरचा रंग किंवा यूव्हीवालं व्हार्निश गेलं की दोन उन्हाळ्यांत ते पिवळं पडून पीठ व्हायला लागतं, आणि आपल्याकडचा मे म्हणजे ४५ अंश. प्लॅस्टिकच्या बोटी आमच्याकडं उन्हात नुसत्या ठेवल्या तरी तळाला पोचे पडतात, लाकडाची निदान आकार सोडत नाही.

दुसरं, दोन्ही टोकांना दोर बांधून टांगायची नाही, बरेच जण टांगतात, मधे वजन लोंबून तळाचा आकार बिघडतो. रुंद पट्टे घ्या, ट्रकवाल्यांचे मिळतात तसले, आणि दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबी आत आधार द्या. पालथी ठेवा. आणि हवाबंद कप्पे असतील तर त्यांची झाकणं सैल ठेवा, उन्हाळ्यात आतली हवा फुगते आणि सांधे उघडतात, ही चूक शंभरातले नव्वद लोक करतात. (अवांतर: "डावी ३" वाचून मला उगाच गलबलून आलं.)

लकडगंज_आरामशीन

आमचा लाकडाचा धंदा, तीन पिढ्या लकडगंजात. प्लाय कुठला वापरला ते सांगाल का? ७१० चा असेल तर तीस वर्षं काही होत नाही, ७१० म्हणजे आयएस ७१०, मरीन प्लाय, चिकट उकळत्या पाण्यात टिकणारा. साधा ३०३ असेल तर एवढी वर्षं टिकलीच नसती. आणि वरच्या कडेची पट्टी सागाची आहे का? तुमच्या बाबांच्या पिढीतले लोक सीपी टीकशिवाय (म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग) बोलायचे नाहीत. आमच्याकडं चंद्रपूर बल्लारशाचा सागवान यायचा तो वास अजून नाकात आहे.

प्लायची शीट ८ बाय ४ असते म्हणजे १४ फुटाला सांधा मारावाच लागला असेल. तो कसा मारलाय ते बघा. आडवा कापून मागून पट्टी लावली असेल तर तिथं बोट कडक होते आणि वळण बिघडतं, तिरपा तासून एकावर एक चिकटवला असेल तर माणूस कारागीर आहे.

पाणकोंबडी

@लकडगंज_आरामशीन, बाबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि पंधरा मिनिटं फक्त सांध्यावर बोलले! ४ एमएमचा ७१० होता, तिरपाच तासलाय, जाडीच्या आठपट, म्हणजे ३२ एमएमचा उतार, रंधा मारून. दोन शीट घसरगुंडीसारख्या पायऱ्यांनी रचून एकदम तासल्या म्हणे. वरची पट्टी सागाचीच. मला तुमच्या प्रश्नाआधी हे काही माहीत नव्हतं, तीस वर्षं मी त्या सांध्यावर बसून राहिले.

@पक्या, झाकणं सैल करून आले. थँक्स.

तर्रीबाज

ताई एक विचारू का, रागावू नका. तेवीसचा पूर आला तेव्हा तुमच्याच भागात पाणी शिरलं ना? तेव्हा हे बोट कामी नाही आलं का? बोट घरी असून लोकं गच्चीवर, असं कसं?

पाणकोंबडी

आला तोही विषय. २३ सप्टेंबर २०२३, गणपती बसलेले, रात्री दोननंतर पाऊस असा कोसळायला लागला की बाजूच्याशी बोललेलं ऐकू येईना. अंबाझरी भरून सांडव्यावरून पाणी सुटलं आणि नागनदी आमच्या गल्लीत आली. बाबांना आणि गणपतीला वर नेलं, बाकी सगळं खाली राहिलं. पाणी पोर्चमधे चढत गेलं तशी काकडी ब्रॅकेटवरून सुटून तरंगत वर गेली आणि पोर्चच्या स्लॅबला खालून जाऊन टेकली. गल्लीतल्या दोन गाड्या वाहत गेल्या, ही जागच्या जागी. स्लॅबला तिच्या हिरव्या रंगाचा ओरखडा अजून आहे, लांबच्या लांब. मागच्या टोकाला प्लायचे पदर सुटले होते आणि आत एवढा चिखल की दोन दिवस काढत होते. बाबांनी ७७ व्या वर्षी ते टोक परत चिकटवलं.

बाहेर का नाही काढली, हे आम्हाला गल्लीतल्या लोकांनीही विचारलं होतं, एकानं तर अजून बोलणं टाकलंय.

कोलाडचा_पक्या

यावर मी बोलतो कारण ही गोष्ट लोकांना माहीत पाहिजे. शहरातल्या पुरात कयाक काढायची नाही. काढली नाही ते शंभर टक्के बरोबर केलं. नदीत पाणी जोरात असलं तरी ते कुठं जाणार हे वाचता येतं. गल्लीत कंपाउंडच्या जाळ्या, गेट, वाहत आलेली झाडं, बुडालेल्या गाड्या, यातून पाणी आरपार जातं आणि माणूस बोटीसकट त्यावर चिकटतो, मागून पाणी दाबत राहतं, चांगले चांगले कयाकर यात गेलेत. वर विजेच्या तारा, खाली उघडी मॅनहोल, आणि ते सगळं अंधारात. एका माणसाच्या बोटीत दुसऱ्याला बसवताही येत नाही, तो कडेला धरून चढायला जातो आणि दोघंही पाण्यात. ते काम एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या) रबरी बोटींचं, त्यांच्याकडं दोर असतात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला माणसं असतात.

बोलणं टाकलेल्या शेजाऱ्यांना हा धागा पाठवा.

तर्रीबाज

हे नव्हतं माहीत. माफी ताई. आन त्यात नागनदीत मागं मगर पण दिसली होती, मी तर त्या दिवसापासून पुलावरून पण जपून जातो.

वैनगंगेकाठचा

मी भंडारा जिल्ह्यातला, ढिवर समाजाचा, नोकरीनिमित्त नागपुरात. तुमचं वाचून माझ्या आज्याचा डोंगा आठवला म्हणून लिहून राहिलो. आमच्याकडं डोंगा म्हणजे लाडाची वस्तू नाही, पोट आहे. दरवर्षी उन्हाळ्यात पालथा करून डांबर तापवून लावायचं, फटीत सुताचे बोळे ठोकायचे, आज्या ते काम कुणाले करू देत नव्हता, बापालेही नाही. पण डोंगा म्हातारा झाला तेव्हा त्यानंच कुऱ्हाडीनं फोडला. चांगल्या फळ्या निघाल्या त्याची बैलाची गव्हाण केली, उरलेलं पाणी तापवायले. मी लहान होतो, लय रडलो. आज्या म्हणाला रडतो काऊन, नवा बनवू ना.

तुमच्या बाबाचं "लाकूड आहे ते" वाचून मले तोच आवाज ऐकू आला. ज्याले नवं बनवता येते तो असाच बोलतो बहुतेक. आपल्याले येत नाही म्हणून आपण धरून बसतो.

(गव्हाण मात्र अजून आहे गावाले. मी ती कुणाले देऊ देत नाही 😀 )

महालची_सून

+१. वैनगंगेकाठचे भाऊ, असं अजून लिहा.

जुनापुराणा

छान धागा. थोडं इतिहासातलं. कयाक मुळात आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची, वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं शिवलेलं, शिकारीसाठी. विशेष म्हणजे माप टेपनं नाही, माणसाच्या अंगानं घ्यायचे, हाताच्या वावा, कंबरेची रुंदी, मुठी. त्यामुळं एकाची कयाक दुसऱ्याला नीट बसत नसे. तुम्ही वर अंगात घातल्यासारखी म्हणालात ते म्हणून पटलं.

तुमच्या बाबांनी वापरली ती शिवून चिकटवायची पद्धत बऱ्यापैकी अलीकडची आहे, १९६० च्या दशकात इंग्लंडमधे मिरर नावाची छोटी शिडाची बोट आली, घरच्या घरी बनवायची, तिनं ही पद्धत घरोघर नेली.

आणि जीव लावण्याचं म्हणाल तर ऑस्कर स्पेक. जर्मन माणूस, १९३२ मधे मंदीत काम गेलं म्हणून घडीची कयाक घेऊन उल्म गावातून डॅन्यूबवर निघाला, सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल म्हणून, आणि पुढं जातच राहिला. आपल्या भारताच्या किनाऱ्यानं वल्हवत गेलाय तो. सात वर्षांनी, १९३९ च्या सप्टेंबरमधे, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला तर तोवर महायुद्ध सुरू झालेलं, जर्मन म्हणून धरून छावणीत टाकला. पण एवढ्या प्रवासात त्यानं बोटी बदलल्या, जुनी झिजली की नवी मागवायचा.

पाणकोंबडी

स्पेकचं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हुशार होता." आणि माझ्याकडं बघून चहा पीत बसले.

सिव्हिल_लाइन्स

एक सुचवू का, भोपाळला छोट्या तलावावर कयाकिंगचं मोठं ट्रेनिंग चालतं, पॅरालिम्पिकला गेलेली प्राची यादव तिथेच तयार झाली. एवढी प्रेमानं बनवलेली बोट अशा खेळाडूंना दिली तर तिचं सोनं होईल. नागपूर भोपाळ काही लांब नाही.

कोलाडचा_पक्या

भावना चांगली आहे पण ते घेणार नाहीत आणि घेऊही नये. रेसिंगची एकट्याची कयाक ५.२ मीटरपर्यंत लांब आणि कमीत कमी १२ किलो वजनाची असते, अरुंद, सुरीसारखी, आपण बसलो तर दुसऱ्या सेकंदाला पाण्यात. काकडी तीन फूट तरी आखूड आहे आणि वजनानं १८-२० किलो असेल. ती फिरायची बोट आहे. ज्याला सकाळी तळ्यावर एक चक्कर मारायची आहे त्याच्यासाठी. दान करताना पण समोरच्याला काय लागतं ते बघावं लागतं, नाहीतर आपली अडचण त्यांच्या गोडाऊनमधे.

नाममात्र

म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. कुणाला नको आहे. कबाडी.

तर्रीबाज

भाऊ तुमच्या घरी कबाडीवाला रोज येते का, का तुम्हीच आहे?

संपादक_मंडळ

वैयक्तिक टीका नको. धागा विषयावर राहू द्या. काकडीची कोशिंबीरही नको.

हिंगणा_शेडवाला

नमस्कार, मी मेकॅनिकल डिप्लोमा, हिंगणा एमआयडीसीत वडिलांचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, ४० फूट लांब, वर पत्र्याखाली आम्ही उन्हाळ्यात हिरवी जाळी लावतो. बोट ठेवायला जागा आहे, भाडं वगैरे काही नको. पण खरं सांगतो, मला नुसती ठेवायची नाहीये. दोन वर्षांपासून मला अशी एक बनवायची आहे आणि मी व्हिडिओ बघून बघून थकलो. सगळे परदेशातले, त्यांचं लाकूड वेगळं, त्यांची हवा वेगळी. मागच्या एप्रिलमधे इपॉक्सीचा मग कालवला आणि ब्रश हातात घेईपर्यंत मगात धूर, मग वितळला. काकांकडं त्या प्लायच्या पट्ट्यांचे कागदी फर्मे आहेत का? असतील तर त्यांचे फोटो मिळाले तरी खूप झालं.

लकडगंज_आरामशीन

तुम्ही शेडमधे एप्रिलात इपॉक्सी कालवलं म्हणजे हिंमत आहे. दर १० अंशाला ते साधारण दुप्पट वेगानं घट्ट होतं, त्यात खोल मगात ठेवलं की स्वतःच्याच गरमीनं पेटतं. पसरट ताटात घ्या, थोडं थोडं, आणि डिसेंबरमधे करा. प्लाय लागला तर निरोप टाका, ४ एमएमचा ७१० ऑर्डरनं आणावा लागतो पण आणून देईन.

पाणकोंबडी

@हिंगणा_शेडवाला, फर्मे होते, वर्तमानपत्रांचे, कपाटामागं गुंडाळी करून ठेवलेले, वाळवीनं खाल्ले. म्हणजे आता बोट हाच नकाशा.

हे बाबांना सांगितलं तर उठून पोर्चमधे गेले. मी खिडकीतून बघून राहिले, टेप घेऊन एकटेच काहीतरी मोजत होते, दर फुटावर खडूनं खूण करत होते. या महिन्यात पहिल्यांदा तिला हात लावला त्यांनी.

मग मी पण गेले. म्हटलं कॉकपिटचं, म्हणजे बसायच्या जागेचं, माप घेऊ. घेतलं. आणि बाबांना विचारलं, हे एवढं अरुंद कसं, तुम्ही कसे बसायचे? तर म्हणाले मी कुठं बसायचो. खरंच, मी आठवून पाहिलं तर बाबा पाण्यात नाहीतच, काठावर उभे आहेत, पँट गुडघ्यापर्यंत वर करून. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की बाबांनी स्वतःची बोट मला वापरायला दिली.

आज जास्त नाही लिहीत.

महालची_सून

😢 जेवून घ्या ताई.

वैनगंगेकाठचा

हेच म्हणत होतो मी.

जुनापुराणा

वर मापाचं मी लिहिलं होतं खरं, पण ते असं निघेल असं वाटलं नव्हतं.

पाणकोंबडी

आता बाबांच्या वतीनं. ते समोर बसून सांगून राहिले, मी टाइप करतेय, शब्द त्यांचेच, मधे मी काही घालणार नाही असं कबूल केलंय:

"सर्वांना नमस्कार. मुलीनं पहिल्या पत्रात चूक लिहिलं आहे. तार मोटरच्या वाइंडिंगची नव्हती. वाइंडिंगच्या तारेला इनॅमल असतं आणि ती पिळताना तुटते. ती टेलिफोन केबलची होती, कबाड्याकडून किलोवर घेतली. म्हणून कबाडीवाल्यांना नावं ठेवू नये.

चित्र मासिकातलं होतं पण त्या बोटीत साडेपाच फुटाचा गोरा माणूस बसलेला होता. आमच्याकडं पाच फूट एक इंचाची मुलगी होती. म्हणून मधली रुंदी दोन इंच कमी केली. माझे गुडघे १९८९ च्या अपघातापासून पूर्ण वाकत नाहीत, मला त्यात बसता येणार नाही हे कापायच्या आधीपासून माहीत होतं.

मी देऊन टाक म्हणालो कारण ती पोर्चमधे टांगलेली आहे आणि दहा वर्षांत पाण्यात गेली ती फक्त पुरात. मला ती बनवताना फार मजा आली. रोज ड्युटीवरून आल्यावर दोन तास. आता हात थरथरतो, रंधा चालत नाही, पण रंधा चुकीचा चालला तर ऐकू येतं.

हिंगण्याच्या मुलानं पट्ट्यांची मापं घ्यायला यावं. मापं बाहेरून घेऊन उपयोग नाही, आतून घ्यावी लागतात, मी दाखवीन. त्याची उंची आणि कंबर कळवावी. ही बोट जशीच्या तशी केली तर त्याला बसणार नाही.

पक्या यांनी टांगायच्या रुंद पट्ट्यांचं सांगितलं ते बरोबर आहे."

तर्रीबाज

काका दंडवत. 🙏 कबाडीवर आम्ही बोललो ते वापस घेतो.

हिंगणा_शेडवाला

काका, नमस्कार. उंची ५ फूट ९, कंबर ३४. मी येतो. बोट ताईंचीच राहू दे, शेडमधे वर पट्ट्यांवर टांगू, पक्यादादांनी सांगितलं तशी. नवी झाली की दोन्ही खिंडसीला घेऊन जाऊ, रामटेक इथून ५० किलोमीटर, टाटा एसवर बांधता येईल.

कोलाडचा_पक्या

खिंडसीला बोटिंग चालतं तिथं आधी बोलून परवानगी घ्या, स्वतःची बोट उतरवू देतीलच असं नाही. पेंच धरणाकडं वळूच नका, तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पाचं पाणी आहे. आणि ताई, तुम्ही दहा वर्षांनी बसणार, लाइफ जॅकेट घालून आधी काठाजवळ उलटून बाहेर यायचा सराव करा. मी जानेवारीत घरी येतोय, आलो तर चालेल का?

पाणकोंबडी

@पक्या, या ना, विचारताय काय.

@शेडवाला, मी अजून पूर्ण तयार नाहीये हे खरं. काल स्वप्नात तिला टाटा एसवर बांधून राहिले होते आणि दोर पुरत नव्हता. बाबांचा राग पण आला थोडा, तीस वर्षांत एकदा सांगायचं ना, तर म्हणतात तू विचारलंस कुठं. पण शेडमधे राहील हे ठीक आहे. महिन्यातून एकदा बघायला येईन, नावं ठेवू नका. खडूच्या खुणा पुसू नका, बाबांनी दर फुटावर केल्यात, त्यावरूनच मापं धरायची आहेत.

रविवारी सकाळी नऊला या, तर्री पोहे आहेत. बाबांचा निरोप: येताना जी-क्लॅम्प घेऊन ये, जितके असतील तितके, आमच्याकडं चारच उरलेत आणि त्यातल्या एकाचा आटा गेलाय.